निकाल नाकातच लागतो

ठाण्याहून नाशिककडे निघाले की खारेगाव मागे पडल्यावर मानकोली नाका लागतो. मुंबईच्या तेव्हाच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण महामार्गाला आणि बंदराला जवळ, या सोयीमुळे भिवंडी तालुक्याच्या या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. मानकोली, अंजूर, दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या गावांमधून कंटेनर आणि टेम्पो रात्रंदिवस ये-जा करतात. २०२४ मध्ये मोठागाव-मानकोली खाडीपूल सुरू झाला आणि डोंबिवलीची वाहनेही याच नाक्यावर येऊन मिळू लागली. पुढे भिवंडी शहरात शिरले की यंत्रमागांचा खडखडाट आणि सुताचा भुरका. इथल्या माणसाच्या श्वासात डिझेलचा धूर, रस्त्याची धूळ आणि कापसाचे तंतू असे तिन्ही असतात.

त्यात पावसाळा लागला की विषाणूंची भर पडते. माल उतरवणाऱ्या एखाद्या टोळीत एकाला सर्दी होते. टोळीतले सगळे एकाच कंटेनरमध्ये राबतात, एकाच टपरीवर चहा पितात, पुष्कळदा एकाच खोलीत झोपतात. तरी चार-सहा दिवसांनी पाहावे तर एक जण तापाने फणफणलेला असतो, दोघांचे नुसते नाक वाहत असते, एकाचा दमा उसळलेला असतो आणि बाकीच्यांना काहीच झालेले नसते. विषाणू एकच, मग परिणाम इतके निराळे का? ‘अंगात ताकद नाही’ हे आपले नेहमीचे उत्तर. संशोधनातून पुढे आलेले उत्तर याहून नेमके आहे. विषाणूचा जहालपणा महत्त्वाचा असतोच. पण नाकाच्या आणि श्वासनलिकांच्या अस्तरातल्या पेशी पहिल्या काही तासांत किती लवकर जाग्या होतात आणि किती बेताने लढतात, यावर आजाराचे पुष्कळसे रूप ठरते.

ओले अस्तर

माणूस दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. ही हवा फुप्फुसात पोहोचण्याआधी गरम आणि दमट करायची आणि गाळायची, हे काम नाकाचे आणि श्वासनलिकांचे. या साऱ्या वाटेला आतून पेशींचे अस्तर असते आणि त्यात तीन प्रकारच्या पेशी मुख्य असतात. पहिल्या रोमक पेशी. त्यांच्या प्रत्येकीच्या माथ्यावर सुमारे दोनशे सूक्ष्म केस, म्हणजे रोमक, असतात. दुसऱ्या चषक पेशी, ज्या श्लेष्मा म्हणजे आपल्या बोलण्यातला शेंबूड आणि कफ तयार करतात. तिसऱ्या तळपेशी. वरच्या पेशी मेल्या की त्यांच्या जागी नव्या घडवण्याचे काम या तळपेशींचे.

श्लेष्मा पाहून आपण नाक मुरडतो, पण त्याची घडण पाहण्यासारखी आहे. त्यात ९५ टक्क्यांहून अधिक पाणीच असते. उरलेल्या भागात म्युसिन नावाची लांबलचक, साखरेच्या साखळ्यांनी लगडलेली प्रथिने, काही क्षार, जंतूंना मारणारी छोटी प्रथिने आणि ‘आयजीए’ प्रकारची प्रतिपिंडे असतात. फ्लूच्या विषाणूला पेशीला चिकटण्यासाठी सियालिक आम्ल नावाची साखर लागते. नेमकी तीच साखर म्युसिनवरही असते. त्यामुळे पुष्कळसे विषाणू पेशीऐवजी श्लेष्म्यालाच चिकटून अडकतात. विषाणूकडेही याला उत्तर आहे. त्याच्या अंगावरचे न्यूरामिनिडेज हे विकर ती साखर कापते आणि त्याला सोडवून घेते. फ्लूच्या विषाणूंच्या नावातला ‘एन’ तो हाच.

श्लेष्म्याखाली पातळ द्रवाचा थर असतो आणि त्यात रोमक सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात. सगळे एकदम हलत नाहीत. भाताच्या शेतावरून वारा जावा आणि लोंब्यांची लाट सरकत जावी, तसे ते एकामागोमाग एक लवतात. या लाटेवर श्लेष्म्याचा थर मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने घशाकडे सरकतो. धूळ, तंतू, जिवाणू, विषाणू सारे त्यात अडकून घशात येते, आपण नकळत ते गिळतो आणि पुढचे काम जठरातले आम्ल करते.

हे काम नीट चालले आहे की नाही, ते पाहायची एक सोपी चाचणी कान-नाक-घसा तज्ज्ञ करतात. नाकात थोड्या आतल्या बाजूला सॅकरिनचा बारीक कण ठेवायचा आणि घशात गोड चव कळायला किती वेळ लागतो ते मोजायचे. निरोगी माणसाला साधारण दहा ते वीस मिनिटे लागतात. अर्धा तास उलटूनही चव आली नाही, तर रोमकांचे काम मंदावले असे समजतात.

विषाणू आत शिरल्यावर

तरीही काही विषाणू निसटतात आणि पेशीपर्यंत पोहोचतात. सर्दीचा सर्वांत मोठा कारक राइनोव्हायरस. त्याच्या दीडशेहून अधिक जाती आहेत, म्हणूनच एकदा सर्दी झाली तरी दुसऱ्या जातीची पुन्हा होते. हा विषाणू एका मिलिमीटरच्या सुमारे तीस हजाराव्या भागाएवढा असतो आणि त्याच्या पोटात सात हजारांच्या आसपास अक्षरांची आरएनएची एक दोरी असते. पेशीत शिरल्यावर तो पेशीचीच सामग्री वापरून स्वतःच्या नकला काढू लागतो आणि आठ-दहा तासांत नवे विषाणू बाहेर पडायला तयार होतात. पेशीला जे काही करायचे ते एवढ्या वेळात करावे लागते.

शिरकाव झाला हे पेशीला कळते ते विषाणूच्या नकला काढण्याच्या पद्धतीवरून. आरएनएच्या नकला काढताना मध्येच दोन दोऱ्या जोडलेल्या अवस्थेत राहतात. इतका लांब दुपदरी आरएनए निरोगी मानवी पेशीच्या द्रवात सहसा सापडत नाही. एमडीए-५ नावाचे प्रथिन तो ओळखते. फ्लूच्या आरएनएच्या टोकाशी तीन फॉस्फेट उघडे असतात; ती खूण आरआयजी-१ नावाचे प्रथिन ओळखते. टीएलआर-३ नावाचे तिसरे प्रथिन पेशीने आत घेतलेल्या पुटिकांमध्ये अशीच तपासणी करते. यांपैकी कोणालाही खूण पटली की पेशीच्या केंद्रकात निरोप जातो आणि इंटरफेरॉन नावाची प्रथिने तयार होऊ लागतात.

इंटरफेरॉनचा शोध १९५७ मध्ये लंडनच्या मिल हिल इथल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि ज्याँ लिंडेनमन यांनी लावला. उष्णतेने निष्प्रभ केलेला फ्लूचा विषाणू त्यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर सोडला, तेव्हा त्या पडद्यातून असा पदार्थ बाहेर आला की ज्याने दुसऱ्या पडद्यावर जिवंत विषाणूची वाढ रोखली. जपानमध्ये यासुइची नागानो आणि यासुहिको कोजिमा यांनी १९५४ मध्येच अशा प्रकारचे निरीक्षण नोंदवले होते.

बाधित पेशीने सोडलेले इंटरफेरॉन शेजारच्या, अजून धडधाकट असलेल्या पेशींच्या ग्राहींना चिकटते. त्यासरशी त्या पेशींमध्ये शेकडो जनुके जागी होतात. त्यांतून तयार होणारी प्रथिने विषाणूची वाट ठिकठिकाणी अडवतात. आयएफआयटीएम-३ हे प्रथिन विषाणूला आतच येऊ देत नाही. एमएक्स-ए फ्लूच्या विषाणूची यंत्रणा जखडते. पीकेआर हे प्रथिने बनवण्याचे कामच थांबवते, म्हणजे विषाणूच्या हाती काही लागत नाही. आरनेज-एल आरएनएचे तुकडे करते. शिवाय पेशी आपल्या पृष्ठभागावर विषाणूचे तुकडे मांडू लागते, त्यावरून पांढऱ्या पेशींना कोणाला मारायचे ते कळते. पहिली पेशी बहुधा वाचत नाही, पण तिच्या भोवतीच्या पेशींना सावध व्हायला वेळ मिळालेला असतो.

इंटरफेरॉनचे प्रकार अनेक आहेत. २००३ मध्ये सापडलेला लॅम्डा हा प्रकार श्वसनमार्गासाठी खास महत्त्वाचा आहे. त्याचे ग्राही मुख्यतः अस्तराच्या पेशींवर असतात, म्हणून तो जिथल्या तिथे काम करतो आणि साऱ्या शरीरात दाहाचा भडका उडवत नाही.

बशीतले नाक

या साऱ्या घडामोडी जिवंत नाकात पाहणे कठीण. म्हणून प्रयोगशाळेत मानवी नाकातून घेतलेल्या तळपेशी वाढवतात आणि त्यांचा वरचा पृष्ठभाग साधारण चार आठवडे हवेशी उघडा ठेवतात. तेवढ्यात त्यांच्यापासून रोमक पेशी तयार होतात, चषक पेशी तयार होतात, श्लेष्मा येतो, रोमक हलू लागतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एलेन फॉक्समन यांचा गट अशा अस्तरावर राइनोव्हायरसचा अभ्यास करतो. त्यांच्या जानेवारी २०२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असे दिसले की इंटरफेरॉनची व्यवस्था शाबूत असेल तर विषाणू थोड्याच पेशींपुरता मर्यादित राहतो. ती व्यवस्था औषधाने रोखली की तोच विषाणू झपाट्याने पसरतो. मग पेशी दुसऱ्याच मार्गाला लागतात: भरमसाट श्लेष्मा, दाह वाढवणारी रसायने, अस्तराची नासधूस. या प्रयोगातल्या अस्तरात पांढऱ्या पेशी नव्हत्याच. विषाणू तोच ठेवून केवळ अस्तराच्या पेशींचा प्रतिसाद बदलला, तर आजाराचे चित्र बदलले.

याच विद्यापीठातल्या २०१५ मधल्या कामाने तापमानाचे कोडे सोडवायला मदत केली होती. राइनोव्हायरस ३७ अंशांपेक्षा ३३ अंशांना चांगला वाढतो, हे इंग्लंडमध्ये सॉल्सबरीच्या सर्दी संशोधन केंद्रात डेव्हिड टिरेल यांनी १९६० मध्येच दाखवले होते. नाकाचे आतले तापमान साधारण ३३ ते ३५ अंश, फुप्फुसाचे ३७. पण विषाणूलाच गारवा आवडतो की पेशींचे काही बिघडते, हे कळत नव्हते. फॉक्समन आणि अकिको इवासाकी यांनी उंदरांच्या श्वसनमार्गाच्या पेशींवर दाखवले की गारव्यात पेशींचा इंटरफेरॉन प्रतिसादच मंद पडतो. ज्या पेशींत ही व्यवस्था जनुकीय बदलाने काढून टाकली होती, त्यांत विषाणू ३७ अंशांनाही जोमाने वाढला.

म्हणून ‘गारठ्याने सर्दी होते’ या आजीच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. विषाणू नसेल तर गारठा सर्दी देऊ शकत नाही. शिवाय आपल्याकडचा अनुभव थंडीच्या सिद्धान्तात पूर्ण बसत नाही. मुंबई, ठाणे, पुणे या भागांत फ्लूचा मोठा जोर थंडीत नाही, पावसाळ्यात असतो. थंडीत येतो तो लहान उठाव. हवा गरम आणि दमट असताना विषाणू पसरतो, त्यात बंद दारे, ओले कपडे आणि एका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसे यांचा वाटा मोठा असावा. कोरड्या हवेचा धोका मात्र वेगळा आहे. इवासाकी यांच्या गटाने २०१९ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात कोरड्या हवेत रोमकांची सफाई मंदावली, इंटरफेरॉनचा प्रतिसाद कमी पडला आणि जखमी अस्तराची दुरुस्तीही रेंगाळली. खाडीकाठच्या मानकोलीला कोरडेपणाचा त्रास फारसा नाही. एअर कंडिशनर लावून दिवसभर बंद राहणाऱ्या कार्यालयांना आहे.

पुण्याचा धडा

३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात एका १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. भारतातला तो या साथीचा पहिला बळी. पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, मास्कसाठी रांगा लागल्या, आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तपासणीसाठी नमुन्यांचा ढीग पडला.

वर्षभरात, जुलै २०१० मध्ये, पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने ‘नेसोव्हॅक’ ही लस आणली. ती सुईने टोचायची नव्हती, नाकात फवारायची होती. ती ज्या विषाणूवर बेतली होती तो रशियातल्या लेनिनग्राडमध्ये थंडीत वाढवून मवाळ केलेला होता. त्याची वाढ कमी तापमानाला चांगली होते आणि शरीराच्या आतल्या उबेत खुंटते. त्यामुळे तो नाकात थोडाबहुत वाढून तिथल्या अस्तराला धडा देतो, पण फुप्फुसापर्यंत जाऊन न्यूमोनिया करू शकत नाही. राइनोव्हायरसला फावते त्याच गारव्याचा माणसाने इथे उपयोग करून घेतला. कोविडच्या काळात भारत बायोटेकची ‘इन्कोव्हॅक’ ही नाकातली लस २६ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाली, तिच्यामागेही नाकातच प्रतिकार उभा करण्याचा विचार होता. दंडात टोचलेली लस रक्तात प्रतिपिंडे तयार करते आणि गंभीर आजारापासून वाचवते. नाकाच्या श्लेष्म्यात आयजीए पुरेसे उतरवणे तिला जमतेच असे नाही.

त्याच २००९ मध्ये युरोपात एक विचित्र गोष्ट दिसली. फ्रान्स आणि स्वीडनमध्ये शरद ऋतूत नेहमीची राइनोव्हायरसची सर्दी पसरली होती आणि तेवढ्यापुरती स्वाइन फ्लूची लाट लांबली. फॉक्समन यांच्या गटाने २०२० मध्ये प्रयोगशाळेतल्या अस्तराला आधी राइनोव्हायरसची बाधा करून तीन दिवसांनी फ्लूचा विषाणू सोडला, तेव्हा फ्लूची वाढ जवळजवळ झालीच नाही. पहिल्या विषाणूने जागे केलेले इंटरफेरॉन दुसऱ्याला भारी पडले होते. याचा अर्थ मुद्दाम सर्दी ओढवून घ्यावी असा नाही. हा परिणाम थोडे दिवस टिकतो, आणि दमेकऱ्याला साधी सर्दीही महागात पडते.

कोविडने दाखवलेली दरी

कोविडचा विषाणू इंटरफेरॉन सुरू व्हायला उशीर करण्यात तरबेज निघाला. त्याची काही प्रथिने पेशीतला निरोप मध्येच अडवतात. तेवढ्या वेळात तो नाकात भरपूर वाढतो. म्हणूनच लक्षणे दिसण्याआधीच माणूस दुसऱ्याला बाधा देऊ शकत होता. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२३ मधल्या कामात दिसले की हा विषाणू रोमकांनाच चिकटतो आणि त्यांच्याच आधाराने श्लेष्मा ओलांडून पेशीपर्यंत पोहोचतो. ज्या रोमकांनी त्याला बाहेर घालवायचे, त्यांचीच त्याने शिडी केली.

२०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने आणखी एक धक्का दिला. कोविडच्या जीवघेण्या न्यूमोनियाच्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे सापडली. त्यांतले बहुतेक पुरुष होते आणि वय वाढेल तसे हे प्रमाण वाढते असेही दिसले. सौम्य आजार झालेल्यांमध्ये अशी प्रतिपिंडे जवळजवळ नव्हतीच. बाहेरून धडधाकट दिसणारी माणसे अचानक का खचली, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग इथे आहे.

मुलांना कोविड सौम्य का झाला, याचेही एक उत्तर नाकातच मिळाले. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातल्या संशोधकांनी मुलांच्या आणि मोठ्यांच्या नाकातल्या पेशींची तुलना केली. मुलांच्या अस्तरात विषाणू ओळखणारी प्रथिने बाधेच्या आधीच जास्त प्रमाणात हजर होती. त्यामुळे त्यांचा प्रतिसाद लवकर सुरू झाला.

दम्याच्या रुग्णांचे उलट. इंग्लंडमध्ये २००५ मध्ये दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांतून घेतलेल्या पेशींना राइनोव्हायरसची बाधा केली, तेव्हा त्या पेशींनी निरोगी माणसांच्या पेशींपेक्षा कमी इंटरफेरॉन बनवले आणि त्यांत विषाणू अधिक वाढला. मानकोलीच्या टोळीतल्या एकाची सर्दी दम्यावर का जाते, याचे कारण त्याच्या अशक्तपणात शोधण्यापेक्षा इथे शोधावे.

मग नाकात इंटरफेरॉनच फवारले तर? हा प्रयोग होऊन गेला आहे. १९७३ मध्ये सॉल्सबरीच्या स्वयंसेवकांना नाकातून इंटरफेरॉन दिले आणि सर्दी रोखण्यात यश आले. पण पुढे लोकांनी ते रोज, आठवडेच्या आठवडे वापरून पाहिले तेव्हा नाक चोंदणे आणि नाकातून रक्त येणे सुरू झाले. सर्दीतला पुष्कळसा त्रास विषाणूने थेट केलेला नसतो, आपल्याच प्रतिकाराचा असतो, हे त्यातून उघड झाले. प्रतिकार लवकर हवा आणि वेळेवर थांबायलाही हवा.

धूर, धूळ आणि तंतू

आता पुन्हा मानकोलीच्या हवेकडे येऊ. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात २००५ मध्ये श्वसनमार्गाच्या मानवी पेशींवर आधी डिझेलच्या धुराचा मारा केला आणि मग फ्लूचा विषाणू सोडला. बाधित पेशींची संख्या वाढली. त्याच संस्थेत धूम्रपान करणाऱ्यांच्या नाकातल्या पेशी तपासल्या तेव्हा त्यांचा इंटरफेरॉन प्रतिसाद कमी भरला. सिगारेट, विडी आणि चुलीचा धूर रोमकांनाही मंद करतो. धूर बरीच वर्षे जात राहिला तर रोमक पेशींची संख्या घटते आणि चषक पेशी वाढतात. म्हणजे कफ जास्त आणि तो हलवणारे कमी. धूम्रपान करणाऱ्याला सकाळी उठल्यावर खोकून कफ काढावा लागतो तो यामुळे; रोमकांचे काम त्याला छातीच्या जोरावर करावे लागते.

कापसाच्या तंतूंची गोष्ट मुंबईने जुनी ओळखली आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. एस. आर. कामत यांच्या गटाने सत्तरच्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांच्या श्वसनविकारांचा पाच वर्षे अभ्यास केला. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजारात सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि आठवडाभरात ते कमी होते. कापसावरच्या जिवाणूंच्या आवरणातले विष हे त्याचे एक मुख्य कारण मानतात. सर्वाधिक धूळ पिंजण-कताईच्या खात्यात, मागावर त्यापेक्षा कमी. तरी बारा-बारा तासांची पाळी आणि दाटीने बसवलेले माग पाहता भिवंडीच्या यंत्रमाग कामगाराच्या अस्तराला उसंत मिळत नाही. त्यात विषाणू आला तर तो आधीच चिडलेल्या अस्तरावर येतो.

हमालांचा प्रश्न आणखी वेगळा. बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. पाठीवर पोते किंवा खोके घेऊन चढ-उतार करणाऱ्याला त्याच्या कितीतरी पट लागते. मिनिटाला ३५-४० लिटरच्या पुढे गेले की नाक पुरे पडत नाही आणि माणूस तोंडानेही श्वास घेऊ लागतो. तोंडाला नाकासारखी गाळणी नाही. धूळ, धूर आणि विषाणू खालच्या श्वासनलिकांपर्यंत थेट जातात. ज्याच्या कामाला सर्वाधिक हवा लागते, त्यालाच ती सर्वांत वाईट मिळते.

काय करावे, काय टाळावे

फ्लूमध्ये रोमक पेशी मोठ्या प्रमाणात गळून पडतात. तळपेशी नवे अस्तर घडवतात, पण रोमक पूर्ववत व्हायला काही आठवडे लागतात. ताप उतरल्यावरही खोकला रेंगाळतो तो त्यामुळे, आणि याच काळात जिवाणूंचा न्यूमोनिया होण्याची भीती असते. १९१८ च्या साथीत, जिने जून महिन्यात मुंबई बंदरातून देशात शिरून एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक बळी घेतले, पुष्कळ मृत्यू अशा न्यूमोनियाने झाले होते. म्हणून ताप गेल्यावर पुन्हा चढला, धाप लागली किंवा छातीत दुखू लागले तर घरी बसू नये, डॉक्टर गाठावा.

साध्या सर्दीवर प्रतिजैविके घेऊ नयेत. ती जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर चालत नाहीत. औषधाच्या दुकानातून मागून आणलेल्या दोन गोळ्यांनी सर्दी बरी झाली असे वाटते, ती त्या दिवसांत आपोआप बरी होणारच होती. नाक मोकळे करणारे थेंब तीन-चार दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट जास्त चोंदते. वाफाऱ्याने बरे वाटते, विषाणू मरत नाही. आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्याने लहान मुले भाजल्याची उदाहरणे कोविडच्या काळात डॉक्टरांनी पुष्कळ पाहिली. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याला मात्र काही आधार आहे. एडिंबरा इथल्या २०१९ च्या छोट्या चाचणीत अशा धुण्याने सर्दीचा काळ सुमारे दोन दिवसांनी कमी झाला. जलनेती करणाऱ्यांना हे नवे नाही. पाणी उकळून गार केलेलेच हवे. थेट नळाचे किंवा बोअरवेलचे पाणी नाकात घालू नये.

हात साबणाने धुवावेत. राइनोव्हायरसला चरबीचे आवरण नसते, त्यामुळे सॅनिटायझरपेक्षा साबण चोळून वाहत्या पाण्याखाली हात धुणे त्याच्यावर जास्त भरवशाचे. साठीपुढच्यांनी, गरोदर स्त्रियांनी, दमा आणि मधुमेह असणाऱ्यांनी फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी.

एवढे माणसाच्या हातात आहे. बाकीचे त्याच्या हातात नाही. रस्त्यांच्या कामांची धूळ पाणी मारून बसवणे, खडी-रेतीच्या गाड्यांवर ताडपत्री बांधणे, माल उतरताना गाडीचे इंजिन बंद ठेवायला लावणे, गोदामांना आणि यंत्रमागांच्या गाळ्यांना हवा खेळती ठेवणारे पंखे बसवणे, कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने किंवा यंत्राने सफाई करणे, कामगाराला रुमालाऐवजी नीट बसणारा मास्क देणे आणि ताप आलेल्या कामगाराला पगार न कापता दोन दिवस घरी राहू देणे, ही जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यांची, मालकांची, ग्रामपंचायतीची आणि शासनाची आहे. यांतले एकही काम अवघड नाही आणि त्यासाठी नवे संशोधनही लागत नाही. श्वसनमार्गाच्या पेशी आपले काम चोख करतात. त्यांना ते करता येईल अशी हवा देणे हे आपले काम आहे, आणि मानकोलीत ते अजून व्हायचे आहे.